भिंतीच्या पायथ्याशी : कोनच्या बागेतले चार दिवस

पनवेलला लोक बहुधा दुसरीकडे जाण्यासाठी जातात. कुणाला कोकणात उतरायचं असतं, कुणाला घाट चढून पुण्याला, आणि मधल्या वेळात डब्यातला पराठा संपवायचा असतो. मी मात्र गेल्या दिवाळीनंतर चार दिवस खास पनवेलला गेले, तेही तिथला आवाज मोजायला. वाईच्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा एकीने विचारलं, "आणि मोजून झाला की त्याचं करतात काय?" प्रश्न अगदी रास्त होता. मी तेव्हा काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. तिने चहाचा कप उचलला आणि विषय बदलला.

मी साताऱ्याकडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ध्वनिशास्त्र शिकवते. पनवेलजवळ कोन गावाच्या अलीकडे हायवेला चिकटून एक सार्वजनिक बाग आहे. तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये चाचणी म्हणून ध्वनिरोधक भिंत उभी केली होती. भिंत कसली, दोन पुरुष उंचीची करड्या रंगाची पॅनल्स, खांबांत बसवलेली. बागेच्या निम्म्या लांबीला पॅनल्स, उरलेल्या निम्म्याला जुनी तारेची जाळी. या भिंतीने बागेतला आवाज कमी झाला का, एवढंच मला सांगायचं होतं. दोन दिवसांचं काम आहे असं मी घरी सांगितलं होतं. माझा अंदाज नेहमीसारखाच चुकला.

पहिला दिवस : तिपाई

पनवेलला उतरल्यावर युसुफभाईंची रिक्षा ठरवली, ती पुढे चारही दिवस सोबत राहिली. युसुफभाई पनवेलच्या कोकणी मुसलमान वस्तीतले. वीस वर्षं कुवेतमध्ये ट्रेलर चालवून परत आलेले, मेंदीने रंगवलेली दाढी, आणि कानांवर कमालीचा विश्वास. माझी ध्वनिमापकाची तिपाई रिक्षात मावेना, तिचे पाय बाहेर डोकावत होते. ते बघून त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, कोणाची जमीन जाणार?"

मला आधी कळेना. मग कोनला पोचल्यावर कळलं. बागेत मी तिपाई उभी केली आणि पाच मिनिटांत सात बायका आणि दोन आजोबा गोळा झाले. एकाच्या हातात सातबाराची प्रत होती. या भागात गेल्या कित्येक वर्षांत तिपाई दिसली की तिच्या मागून रस्ता आला, पूल आला, नाहीतर नोटीस आली. आमच्या वाईला तिपाई दिसली तर लोक फोटो काढायला येऊन उभे राहतात. मी घसा सुकेपर्यंत सांगितलं की कुणाचीही जमीन जात नाही, मी फक्त आवाज मोजते. आजोबांनी सातबारा घडी करून खिशात ठेवला, पण तिथून हलले नाहीत.

त्या घोळक्यातून एक बाई पुढे आल्या. वय सत्तरीपलीकडचं, नऊवारी पातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्यांनी यंत्राकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"याच्या डोकीवर काला लाडू कशाला बसवलाय?"

तो स्पंजचा गोळा वाऱ्याचा आवाज अडवायला असतो, हे मी सांगितलं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी लगेच मला आपल्या बाजूला घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं, "जावा गो घरी. बाय आवाज मोजाला आयली हाय, जमीन नाय."

या ठमाकाकी. चारही दिवस मी त्यांच्याच ताब्यात होते.

थोड्या वेळाने, ही पॅनल्स लावणाऱ्या सरकारी कार्यालयातले अभियंता घरतसाहेब आले. मृदू बोलणारा, घामाघूम झालेला माणूस. बागेच्या मधोमध मातीचा उंचवटा आहे. बाग केली तेव्हा उरलेली भराव माती तिथे टाकून वर छत्री बांधली, चार बाजूंनी बाक ठेवले. समोर प्रबळगडाचं पठार दिसतं आणि वाराही छान लागतो, म्हणून सगळं गाव तिथेच बसतं. घरतसाहेबांनी बाकाशेजारी खडूने फुली मारली.

"इथला आकडा हवा, मॅडम. पॅनल्स लावायच्या आधी इथेच मोजलं होतं. फरक पडला असेल तर पॅनल्स राहतील आणि पुढे जाळीच्या भागालाही मिळतील. नसेल पडला तर काढून दुसरीकडे लावू. तिकडची माणसंही वाट बघतायत."

हे ऐकताना ठमाकाकींचा चेहरा उतरला, तो मला दिसला. का उतरला ते संध्याकाळी कळलं. चारच्या सुमाराला त्यांची नातसून प्रणाली आली. ती तळोज्याच्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये पहिल्या पाळीला असते. कंपनीची बस हायवेवर सोडते, तिथून ती थेट बागेत येते, कपड्यांना अजून औषधाचा वास असतो. दोघी छत्रीखाली बसल्या, डोक्याला डोकं लावून. काकी गाऊ लागल्या.

काकी धवलारीण आहेत. इकडच्या आगरी लग्नांत हळदीपासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला त्याचं गाणं असतं. ते पुढे होऊन म्हणणारी ती धवलारीण, बाकीच्या बायका तिच्या मागून म्हणतात. "भटजी उशिरा आला तं चालतं," काकी म्हणाल्या, "धवलारीन उशिरा चालत नाय." गेल्या वर्षीच्या आजारपणात त्यांचा आवाज बसला तो पूर्वीसारखा सुटलाच नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नं सुरू. गावातलं पहिलं लग्न प्रणालीने पुढे उभं राहून लावायचं, असं ठरलं होतं. हातात जेमतेम दोन आठवडे होते, आणि काकींच्या त्या बारीक झालेल्या आवाजावरून दर मिनिटाला कंटेनर जात होते.

"मोबाइलवर रेकॉर्ड करून बघितलं, मॅम," प्रणाली म्हणाली. "घरी जाऊन ऐकलं तर नुसते ट्रक. आजींचा आवाज मधेमधे बॅकग्राउंडला."

दुसरा दिवस : बेंजो

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बागेत पोचले तर लांबूनच काहीतरी दणक्यात चाललेलं ऐकू येत होतं. छत्रीखाली, बरोबर माझ्या खडूच्या फुलीभोवती, बेंजो पार्टी उभी होती. पाच पुरुष, पोटावर न बसणारे लाल कोट, मोठा ड्रम, कीबोर्ड आणि बेंजो. ठमाकाकी बाकावर बसून पायाने ताल धरत होत्या.

मी हातवारे करून ते थांबवलं. "काकी, हे काय?"

"तू आवाज मोजाला आयलीस ना? मंग आवाज नको?" त्या समाधानाने म्हणाल्या. "काटा वर जाऊ दे. लई आवाज हाय आसं दिसला, म्हंजे भिंत लांबवतील. या लोकांना मीच बोलावला. लग्नात आमी बरोबरच आसतो, मना नाय नाय बोलत."

मी कपाळावर हात मारून घेतला, पण मला हसूही आवरेना. मग त्यांच्या शेजारी बसून समजावलं की मोजणी आवाज किती आहे याची नाही, भिंतीने किती कमी झाला याची आहे. भिंत असूनही इतका गोंगाट, असं कागदावर दिसलं तर लोक भिंत उचलून नेतील.

काकी बेंजोवाल्यांकडे वळून म्हणाल्या, "काय उभे हाव? जावा आता. आनि परत या बाजूला फिरकू नका." ते बिचारे ड्रम उचलून निघाले. युसुफभाई रिक्षातून उतरून बघत होते, त्यांनी ड्रमला हात लावून उंचवट्यावरून खाली उतरवायला मदत केली.

मोजणी गेली ती गेलीच, म्हणून काकी मला जेवायला घरी घेऊन गेल्या. घर सर्व्हिस रोडवरच, बागेपेक्षाही हायवेच्या जवळ. तिथे मी एक गोष्ट पाहिली जी आजवर कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती. काकींची सून मला वाढता वाढता सांगत होती, "हे बोंबील काल संध्याकाली" आणि थांबली. बाहेरून कंटेनर गेला, मांडणीवरची भांडी किणकिणली. तो गेल्यावर तिने पुढे सुरू केलं, "उरनवरून आयले." मग काकी बोलता बोलता थांबल्या. मग त्यांचा मुलगा. कुणीही आवाज चढवत नव्हतं. ट्रक येतो हे त्यांना माझ्याआधी कळायचं, तोंड मिटायचं आणि नेमक्या त्याच शब्दापासून परत उघडायचं. आमच्या घरी जेवताना चार माणसं एकदम बोलतात आणि कुणीच कुणासाठी थांबत नाही. इथे ट्रकला पाहुण्यासारखा मान होता.

"मग गाणं घरी का नाही शिकवत?" मी विचारलं. विचारल्यावर मलाच कळलं की प्रश्न वेडा आहे.

"बोलना थांबवता येतं गो. गाना कसा थांबवू? नवरी हलदीला बसलेली आसते, बाया मागून बोलत आसतात. मधीच तोंड मिटला तं गाना मोडला."

तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि निवट्यांचं कालवण. निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारे मासे, हे मला खाऊन झाल्यावर सांगितलं गेलं, तेच बरं झालं. आमची ज्वारीची भाकरी दमदार, बसल्या जागी पोट भरणारी. ही पांढरीशुभ्र आणि इतकी मऊ, की चार संपल्या तरी पत्ता लागत नाही. पाचव्या भाकरीला माझ्या घशात काटा अडकला. सगळं घर उभं राहिलं. काकींनी भाकरीचा मोठा गोळा करून माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीत असा रट्टा दिला की काटा गेला आणि सोबत माझी घाटावरची अब्रूही गेली.

"घाटावरच्या मानसाला मासली द्याची म्हंजे बारक्या पोराला सुरी द्याची," त्या म्हणाल्या, आणि माझ्या ताटात अजून दोन बोंबील वाढले.

तिसरा दिवस : शुकशुकाट, आणि आपटा

तिसऱ्या दिवशी बाग इतकी शांत होती की मला वाटलं कुणी गेलं बिलं की काय. झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलेलं. चणेवाला गेटवर होता, पण ओरडत नव्हता, नुसता हात हलवून गिऱ्हाईक बोलावत होता. मुलं बाकावर ओळीने बसलेली, तोंडावर बोट. बागेतल्या कुत्र्यापुढे बिस्किटांचा ढीग होता. मला गेटवर उतरवून युसुफभाई इंजिन बंद करून रिक्षा ढकलत आत आणत होते आणि ठमाकाकी ओठांवर बोट ठेवून त्यांना दिशा दाखवत होत्या.

असं नको, नेहमीसारखं वागा, असं मी सगळ्यांना सांगितलं. त्यांना नेहमीसारखं वागणं जमायला तास गेला. मग खरी मोजणी झाली. सकाळची, दुपारची, पुन्हा दुपारची. युसुफभाई शेजारी बसून डोळे मिटून सांगत होते, "हा भरलेला... हा रिकामा. रिकामा जास्त खडखडतो, मॅडम. कुवेतला आम्ही रिकामे परत येताना शेखलोकांची झोप हराम करायचो."

संध्याकाळच्या आत हिशेब मांडला. फुलीवर फरक होता, पण इतका कमी की माणसाच्या कानाला कळणारही नाही. पॅनल्स नव्हती तेव्हा आणि आता, छत्रीखाली जवळपास सारखंच.

आकडे खोटे लिहिणं माझ्याच्याने होणार नव्हतं आणि खरे लिहिले तर पॅनल्स जाणार होती. काकी समोरच्या बाकावरून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी वही मिटली आणि म्हटलं, अजून थोडं काम आहे. पण त्यांना कळलं होतं.

युसुफभाईंनी माझं तोंड बघून रिक्षा पनवेलऐवजी दुसरीकडेच वळवली. "चला, तुम्हाला सुकून दाखवतो." आपटा गाव पाताळगंगेच्या काठावर आहे. तिथे पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. काठावरून उतरून आम्ही पाण्याजवळच्या दगडांवर बसलो. दोन बायका कपडे आपटत होत्या, पलीकडे म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. नदीला तेव्हा बरंच पाणी होतं, आणि आमच्या कृष्णेसारखा घाटांचा थाट नव्हता, नुसता उतार आणि दगड.

वर रस्त्याने टेम्पो गेला. मला तो ऐकू आला, पण लांबून, उशी ठेवल्यासारखा. गंमत म्हणून मी दहा पावलं चढून वर गेले. पुढचा टेम्पो आला तो थेट कानात शिरला. पुन्हा खाली उतरले, पुन्हा दबला. कपडे धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसायला लागल्या.

वीस वर्षं मी फळ्यावर हेच काढून दाखवते. भिंतीमागे, किंवा अशा काठाखाली, आवाजाची सावली पडते. भिंतीला चिकटून खाली असाल तर दाट, लांब आणि उंच गेलात की विरळ. जिथून ट्रक दिसतो तिथे ट्रक ऐकू येणारच. छत्रीखालून मला तीन दिवस भिंतीवरून जाणारे कंटेनर स्वच्छ दिसत होते, आणि मी तिथेच तिपाई ठोकून बसले होते, कारण फुली तिथे होती. भिंतीच्या पायथ्याशी यंत्र न्यायचं मला सुचलंच नव्हतं, कारण तिथे कुणी बसत नाही. मी हे युसुफभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, इतकं शिकून तुम्हाला आपट्याला यावं लागलं," आणि त्यांचं खरंच होतं.

चौथा दिवस : पायथा

शेवटच्या दिवशी पहाटेच गेले. भिंतीच्या पायथ्याला माळ्याने पालापाचोळा आणि फुटक्या कुंड्या टाकल्या होत्या. माळी, युसुफभाई आणि मी मिळून ते साफ केलं. तिथे मोजलं. मग तितक्याच अंतरावर, पण जाळीच्या मागे, पॅनल्स नसलेल्या भागात मोजलं. दुपारपर्यंत तीनदा खात्री केली. जाळीमागे बोलायला ओरडावं लागत होतं. पॅनल्सच्या पायथ्याशी, ट्रक पलीकडे हाताच्या अंतरावर असताना, मला माळ्याच्या झाडूचा आवाज ऐकू येत होता.

घरतसाहेब साडेतीनला आले. मी कागद पुढे केला. छत्रीखाली फायदा नाही, हे पहिल्या ओळीत. पायथ्याशी भरपूर आहे, हे दुसऱ्या. पॅनल्स ठेवावीत आणि बाक खाली आणावेत, हे तिसऱ्या. त्यांनी दोनदा वाचलं.

"वरचे लोक फुलीचा आकडा विचारतात, मॅडम."

"फुली चुकीच्या जागी आहे, असं सांगा."

"ती मीच मारली होती," ते म्हणाले आणि ओशाळून हसले. मग त्यांनी स्वतः भिंतीजवळ जाऊन उभं राहून पाहिलं. पुढे पंधरा-वीस दिवसांनी त्यांचा फोन आला, की पॅनल्स राहिली, बाकही खाली आले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. काकींना तर नाहीच.

त्यांना खाली आणणं हे एक वेगळंच काम होतं. "हायवेच्या मांडीवर बसवतेस मना? लोक हसतील." प्रणाली कामावरून आली तेव्हा तिने त्यांचा हात धरला आणि मी चटई अंथरली. काकी कुरकुरत बसल्या, पाठ जवळजवळ पॅनलला टेकलेली. पलीकडून काहीतरी मोठं गेलं. त्यांनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग गायला सुरुवात केली.

तो आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला. बारीक, थोडा चिरका, पण सुराला पक्का. हळदीचं गाणं होतं. एक ओळ झाली, प्रणालीने ती मागून म्हटली.

काकींनी हात वर केला. "परत बोल."

प्रणालीने परत म्हटली.

"परत."

तिसऱ्यांदा म्हणताना प्रणालीचा स्वर कापायला लागला. "चुकतंय का, आजी?"

"चुकत नाय." काकी पदराच्या टोकाशी चाळा करत होत्या. "तुजा गला मी आज आयकला."

"म्हणजे? इतके दिवस तुम्ही मान हलवायच्यात..."

"मान हलवाला काय जातंय? आयकाला येत नवता. बोलत आसल नीट, आसं वाटाचं. तुना कशाला सांगू? तुजा धीर गेला आसता." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "महिनाभर भ्यालेली हाय मी. मी नसताना चार लोकांत पोरीची फजिती झाली तं काय करू?"

प्रणालीने नाक पुसलं आणि तीच ओळ पुन्हा धरली, या वेळी कुणी न सांगता. मग दुसरी. काकी तिच्याआधी सुरू करायला तोंड उघडत होत्या आणि मिटत होत्या. कडवं संपत आलं तशी प्रणाली अडखळली आणि सवयीने त्यांच्याकडे पाहिलं. काकींनी नुसतं पुढे हो अशी मान हलवली. प्रणालीने पुढचं कडवं एकटीने उचललं, आणि ठमाकाकी, हात मांडीवर ठेवून, तिच्या मागून म्हणू लागल्या.